कोकणातल्या सोफ्यावरच्या उशा: भरण, कापड, मांडणी आणि पावसाळ्यातली निगा

कोकणातल्या घरात बैठकीच्या सोफ्यावर उशा मांडायच्या असतील, तर त्या कशा दिसतील याआधी त्या वाळतील कशा याचा विचार करावा लागतो. दक्षिण कोकणात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि ती ७० टक्क्यांच्या पुढे टिकून राहिली की कापडावर बुरशी धरायला लागते. सजावटीच्या चित्रांत एकेका सोफ्यावर आठ-नऊ मखमली उशा रचलेल्या दिसतात, पण ती चित्रे बहुधा कोरड्या हवेच्या गावातली किंवा वातानुकूलित खोलीतली असतात. रत्नागिरीत, वेंगुर्ल्यात किंवा अलिबागेत तीच रचना श्रावणापर्यंत कुबट वास मारू लागते.

म्हणून सुरुवात आतल्या भरणापासून करावी. कापूस ओलावा धरून ठेवतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतसुद्धा तो आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी शोषून घेतो, तर पॉलिस्टरचा तंतू अर्धा टक्काही घेत नाही. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची उशी उन्हाळ्यात कितीही सुखाची वाटली, तरी पावसाळ्यात ती जड होते, तिच्यात गोळे बनतात आणि ऊन नसल्यामुळे ती पुन्हा फुलवता येत नाही. सोफ्यावर बाराही महिने राहणाऱ्या उशीसाठी पॉलिस्टर फायबरचे भरण हा सर्वांत बिनधोक पर्याय आहे. फोमचे तुकडे भरलेली उशी स्वस्त मिळते, परंतु ते तुकडे धुतल्यावर आतून वाळता वाळत नाहीत, म्हणून ती किनाऱ्यावरच्या घरासाठी घेऊ नये.

ज्यांच्या आवारात काटेसावर आहे त्यांना आणखी एक पर्याय आहे. उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटतात आणि त्यांतला रेशमी कापूस उशा भरण्यासाठी गावागावांत पूर्वीपासून वापरला जातो. त्याच्या तंतूवर मेणासारखा थर असल्यामुळे तो साध्या कापसाइतके पाणी पीत नाही आणि वजनाने अगदी हलका राहतो. मात्र हा तंतू आखूड आणि निसरडा असतो. विरळ विणीच्या कापडातून तो बाहेर येतो आणि साऱ्या खोलीभर उडतो. त्यासाठी आतली खोळ घट्ट विणीच्या मांजरपाटाची शिवावी, शिलाई दुहेरी घालावी आणि ही उशी पाण्याने कधीही न धुता केवळ उन्हात घालावी. दिसायला ती फायबरच्या उशीपेक्षा लवकर चपटी होते, म्हणून ती सोफ्याच्या कोपऱ्यात दर्शनी जागी न ठेवता दुपारी डोके टेकण्यासाठी ठेवलेली बरी.

आकाराच्या बाबतीत १६ इंची आणि १८ इंची चौरस उशा आणि कमरेमागे ठेवायची १२ बाय २० इंचांची एक आडवी उशी, एवढ्यांत बहुतेक सोफ्यांचे काम भागते. आतली उशी अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी घ्यावी, म्हणजे १६ इंची अभ्र्यात १८ इंची उशी. असे केल्याने कोपरे भरलेले दिसतात आणि भरण थोडे बसले तरी अभ्रा लोंबत नाही. संख्या ठरवताना सोफ्याची खोली मोजावी. बसायच्या जागेची पुढून मागेपर्यंतची खोली साधारणतः २० ते २२ इंच असते आणि भरलेली उशी त्यातली पाच-सहा इंच जागा खाते. तिच्यापुढे दुसरी उशी ठेवली, तर बसणाऱ्याला काठावर टेकावे लागते आणि आलेला पाहुणा पहिल्यांदा काय करतो, तर उशी उचलून शेजारी ठेवतो. तिघांच्या सोफ्याला चार आणि दोघांच्या सोफ्याला दोन किंवा तीन उशा पुरे आहेत. त्याहून अधिक उशा हव्याच असतील, तर त्या झोपाळ्यावर मांडाव्यात.

आता कापड. सुती हातमागाचे कापड या हवेला सर्वांत मानवते, कारण त्याचा अभ्रा पातळ असल्यामुळे पंख्याखालीसुद्धा एका दिवसात वाळतो. ताग दिसायला देखणा असला तरी तो ओल धरतो आणि त्यावर काळे ठिपके पडतात. मखमल धूळ आणि केस ओढून घेते आणि दमट दिवसांत अंगाला चिकटते. या दोन्हींचे अभ्रे करायचेच असतील, तर दिवाळी ते वैशाख एवढ्याच काळापुरते करावेत. खणाचे कापड सध्या फार आवडीने वापरले जाते. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा पारंपरिक खण सुताचा आणि रेशमाचा असतो. त्याचा रंग जाऊ शकतो, म्हणून शिवण्यापूर्वी कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल घासून पाहावा आणि रुमालाला रंग लागला तर तो खण फिक्या सोफ्यावर वापरू नये. घरातल्या जुन्या इरकली किंवा सुती नऊवारीचे काठ आणि पदर यांपासून फार सुरेख अभ्रे होतात, पण ते कापड वापराने विरलेले असते. त्याला आतून मांजरपाटाचे अस्तर लावल्याशिवाय ते वर्षभरही टिकणार नाही. पैठणीचा अभ्रा मात्र जिथे कोणी पाठ टेकणार आहे तिथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंग निवडताना भिंत, जमीन आणि उजेड या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांतही उजेड आधी. कौलारू घराच्या पडवीचे छप्पर खाली उतरलेले असते, त्यामुळे आतल्या खोलीत भर दुपारीही उजेड मंद असतो आणि आषाढात तर दिवसा दिवे लावावे लागतात. अशा खोलीत गडद निळ्या किंवा काळपट हिरव्या उशा गडद सोफ्यावर दिसेनाशा होतात. तिथे हळदीचा पिवळा, फिका आंबा रंग, मळकट पांढरा किंवा कोवळ्या पानाचा हिरवा हे रंग उठून दिसतात. जांभ्याची भिंत गिलावा न करता उघडी ठेवलेली असेल, तर तांबडा आणि विटकरी रंग टाळावा, कारण तो त्या तांबड्या दगडात मिसळून जातो. याच कारणाने गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रे असलेला अभ्रा चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे शोभतो आणि जांभ्यापुढे हरवतो. सदनिकेतल्या पांढऱ्या भिंतींपुढे उलट मोकळीक असते. तिथे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर दिसतात तसे लाख-लाल, पिवळे आणि हिरवे रंग एकत्र आले तरी खपून जातात. खिडकी पश्चिमेला समुद्राकडे उघडत असेल, तर संध्याकाळचे ऊन गडद रंग एका मोसमात उतरवते, तेव्हा त्या बाजूला फिका अभ्रा ठेवावा.

नक्षीचे गणित सोपे आहे: एक मोठी नक्षी, एक बारीक नक्षी किंवा पट्टे, आणि उरलेल्या उशा एकरंगी. मोठ्या नक्षीतलाच एखादा रंग एकरंगी उशांसाठी उचलला, की संच आपोआप जुळतो. सोफ्याचे कापडच फुलाफुलांचे असेल, तर सर्व उशा एकरंगी ठेवाव्यात.

अभ्रे घरी शिवणे कठीण नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तयार अभ्र्यांपेक्षा घरचे अभ्रे अधिक उपयोगी पडतात, कारण तयार अभ्र्यांना कित्येकदा धातूची चेन असते. खाऱ्या हवेत ती गंजते, अडकते आणि कापडावर तांबेरे पाडते. चेन लावायचीच असेल तर नायलॉनची लावावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे चेनच न लावता मागे एकावर एक येणारे दोन पदर ठेवणे. १६ इंची अभ्र्यासाठी पुढचा तुकडा १७ बाय १७ इंच आणि मागचे दोन तुकडे प्रत्येकी १७ बाय १२ इंच कापावेत. मागच्या प्रत्येक तुकड्याची एक १७ इंची कड एक इंच दुमडून शिवावी. मग पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून पसरावा, त्यावर मागचे दोन्ही तुकडे उलट बाजू वर करून असे ठेवावेत की दुमडलेल्या कडा मध्ये येतील आणि एकमेकींवर पाच इंच चढतील, आणि चारही बाजूंनी अर्धा इंच सोडून शिलाई मारावी. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात हे तिन्ही तुकडे एका ओळीत बसतात, म्हणजे एका अभ्र्याला साधारण अर्धा मीटर कापड लागते आणि चार अभ्र्यांना दोन मीटर. खणाचा पन्हा कमी असल्याने त्याचा केवळ पुढचा तुकडा घ्यावा आणि मागची बाजू जुळत्या रंगाच्या साध्या सुती कापडाची करावी. कापण्यापूर्वी सुती कापड एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात अभ्रा आटतो आणि उशी आत जात नाही.

प्रत्येक उशीला दोन अभ्रे शिवावेत, ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. एक धुण्यात असला तरी दुसरा सोफ्यावर असतो, आणि शिवाय एक संच पावसाळ्यासाठी पातळ आणि दुसरा कोरड्या महिन्यांसाठी जाड किंवा भरतकामाचा ठेवता येतो.

मांडणी करताना तिघांच्या सोफ्यावर दोन्ही कोपऱ्यांत एकेक १८ इंची एकरंगी उशी उभी ठेवावी, एका बाजूला तिच्यापुढे किंचित तिरकी १६ इंची नक्षीची उशी ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला आडवी उशी ठेवावी. मधली जागा मोकळी सोडावी. दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या तर बैठक कचेरीतल्या स्वागतकक्षासारखी दिसते. पाठीच्या वर उशी दोन-तीन इंचांपेक्षा जास्त डोकावू नये. लाकडी गजांचा जुना कोच किंवा वेताचा सोफा असेल, तर उशा घसरतात आणि गजांमधून मागे सरकतात. अशा वेळी अभ्र्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांना कापडाचे बंद शिवून ते गजाला बांधावेत. एल आकाराच्या सोफ्याचा सर्व भार आतल्या कोपऱ्यात, तीन उशांवर द्यावा आणि टोकांना एकेकच ठेवावी. घरात वयस्कर माणसे असतील, तर त्यांच्या नेहमीच्या जागी आडवी उशी कायम असावी आणि सजावटीसाठी ती हलवू नये.

मृग लागण्यापूर्वी जाड अभ्रे धुऊन, कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर कापडी पिशवीत भरावेत आणि सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेली थोडीशी ओलसुद्धा कोंडते, म्हणून ती वापरू नये. पावसाळ्यात सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढावा, कारण जांभ्याची भिंत पाणी शोषते आणि पाठीमागची हवा खेळली नाही की सोफ्याच्या पाठीला आणि उशांना एकदमच बुरा धरतो. उशा दर दोन-तीन दिवसांनी उलटसुलट कराव्यात आणि रात्री पंख्याखाली उभ्या ठेवाव्यात. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की सोफ्यावरच्या उशा रात्री डोक्याखाली जाणार हे गृहीतच धरावे. त्या दिवसांसाठी धुवट सुती अभ्रे घालावेत, भरतकामाचे काढून ठेवावेत आणि विसर्जनानंतर सगळे एकदम धुवावेत. पांढऱ्या सुती अभ्र्यावर बुरशीचे ठिपके आलेच, तर तो आधी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावा, मग गरम पाण्यात धुण्याच्या पावडरीसह भिजवावा; ब्लीच रंगीत कापडावर कधीही वापरू नये. आतली फायबरची उशी मात्र नवरात्रानंतर ऊन स्थिर झाल्यावरच धुवावी आणि खळ्यात दोन पूर्ण दिवस, मधूनमधून चापटून आणि बाजू बदलून वाळवावी. हाताला कोरडी लागली तरी मधोमध दाबून पाहावी आणि गारवा जाणवला तर आणखी एक दिवस उन्हात ठेवावी.