बीटा विंडोज टाकण्याआधी

बीटा विंडोज, म्हणजे अजून चाचणीत असलेली विंडोज, वापरून बघायची हौस असेल तर जरूर बघा, पण ज्या लॅपटॉपवर टॅलीचा हिशोब आणि मुलांचे फोटो आहेत त्यावर नको. व्हर्च्युअलबॉक्स हे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, बीटा त्याच्या आत चालवा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, म्हणून मूळ मशीनमध्ये १६ जीबी रॅम असली तर बरं. इन्स्टॉल झाल्या झाल्या त्यातच स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घ्या. पुढच्या अपडेटने काही बिघडलं तर होतं तिथे परत येता येतं.

खऱ्या मशीनवरच टाकायचं असेल तर इनसायडर प्रोग्रॅम या मायक्रोसॉफ्टच्या चाचणी योजनेतलं रिलीज प्रिव्ह्यू चॅनल निवडा, ते सगळ्यात स्थिर. कॅनरी या सगळ्यात कच्च्या चॅनलमधून बाहेर पडायचं म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं आलं. आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, हे अगदी कळकळीने सांगतो. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

उबंटू या मोफत लिनक्स सिस्टीमचं काम सोपं आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आवृत्त्यांआधी बीटा येतो, तो पेनड्राइव्हवरून थेट चालतो. वाय-फाय, आवाज आणि मराठी टायपिंग तेवढं तपासून घ्या.