मोत्याचं डूल रंगवताना चेहरा कुठे बिघडतो?

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायला घेतलं की बरेच जण डच चित्रकार व्हर्मीरची ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ समोर ठेवतात. निवड उत्तम. साधारण १६६५चं हे चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे, तेव्हा तीन फुटी कॅनव्हास आणू नका.

पहिली चूक नाकाची. मूळ चित्र नीट बघा: नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही, दोन्हीकडे जवळपास एकच छटा. आपण मात्र ‘नाक दिसलं पाहिजे’ म्हणून तपकिरी रेघ ओढतो आणि पोरगी लगेच पाच वर्षांनी मोठी दिसते. डोळे बारीक करून पाहा. जिथे दोन छटा एकमेकीत मिसळतात तिथे कड कोरड्या ब्रशने पुसून टाका. डुलाचंही तसंच. वर पांढऱ्याचा एक ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस्स. गोल आखून भरायला गेलात की गोटी होते.

पार्श्वभूमी ट्यूबमधल्या काळ्याने सपाट भरू नका. तिथे मुळात हिरवा पडदा होता. वरच्या पारदर्शक थरातले रंग काळाच्या ओघात उडाले. गडद थर वाळू द्या, मग पातळ हिरवट थर चढवा. मोबाइलवर रंग जुळवत बसणं तर सोडाच. स्क्रीनचा ब्राइटनेस बदलला की गालही बदलतो. चांगला प्रिंट काढून घ्या.

आता सोलापूरचा उन्हाळा. रंग पातळ करायचं टर्पेंटाईन पटकन उडतं, पण रंगातलं जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून हाताला कोरडा लागलेला थर आत ओला असू शकतो. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरांत जास्त; उलटं केलंत तर तडे जातात. ऊन आणि धूळ नको म्हणून खिडक्या लावून, अंधारात चित्र वाळवलं तर तेल पिवळं पडतं, वर टर्पेंटाईनचा वास कोंडतो. खोलीत उजेड आणि वारा हवाच, थेट ऊन नको. असा पिवळेपणा उजेडात ठेवल्यावर बराचसा जातो.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

आणि वार्निशची घाई नको. दिवाळीत पूर्ण झालेल्या चित्राला ते पुढच्या उन्हाळ्यात लावा. रंगाचे थर जाड असतील तर त्याहून उशिरा.