वेदनाशामक गोळीची सवय जडल्याची शंका आल्यास

शस्त्रक्रियेनंतर दिलेली ट्रामाडॉलची गोळी दुखणे थांबल्यावरही चालूच राहते, किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध खोकला गेल्यावरही बाटलीमागून बाटली आणले जाते. औषधाच्या दुकानातून आलेले असल्यामुळे घरच्यांना ते व्यसन वाटत नाही. प्रत्यक्षात ही औषधे मेंदूवर अफूसारखाच परिणाम करतात, आणि ट्रामाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे.

आधी गोळ्या मोजाव्यात. पाच दिवस पुरायला हवे असलेले पाकीट दोन दिवसांत रिकामे होत असेल, तर मात्रा वाढत चालली आहे. दुसरी खूण गोळी न मिळालेल्या दिवशी दिसते: माणूस सारख्या जांभया देतो, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो, पोटात कळ येऊन जुलाब होतात आणि रात्रभर तो पाय झाडत जागा राहतो. गोळी घेताच हे सारे ओसरले, तर तो सर्दीताप नव्हता.

दीर्घकाळ सेवनाने बद्धकोष्ठता कायमची मागे लागते, संप्रेरके घटून पाळी अनियमित होते किंवा कामेच्छा मंदावते, आणि ट्रामाडॉलच्या जास्त मात्रेने आकडीही येऊ शकते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास श्वास थांबण्याचा धोका असतो.

तरीही रागाच्या भरात गोळ्या फेकून देऊन माणसाला खोलीत कोंडू नये. मानसोपचारतज्ज्ञ मात्रा हळूहळू उतरवतात किंवा जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची (अफूसारख्याच गटातल्या, पण सुरक्षित औषधाची) गोळी देतात. ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावले’ हा त्यावरचा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो, कारण या गोळीने तळमळ शमते आणि माणूस कामावर जाऊ लागतो. पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

सर्वांत जास्त जपावे ते गोळी सुटल्यानंतरच्या आठवड्यांत. शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्रा आता जीव घेऊ शकते. हाक मारून, हलवूनही माणूस जागा होत नसेल, श्वास घरघरत किंवा फार सावकाश चालत असेल, ओठ निळसर आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील, तर १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे, म्हणजे या औषधांचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोनचे इंजेक्शन वेळेत देता येईल.