मागाच्या शेडमध्ये पद्मिनी

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची टॉवेलची शेड माग भंगारात गेल्यापासून बंदच होती. आता तिथं माझी प्रीमियर पद्मिनी गाडी उभी आहे.

खरा छळ केला तो कोब्यानं. वर्षानुवर्षं मागांचं तेल पिऊन काळाकुट्ट झालेला. त्यावरच नवा कोबा केला, तर महिन्याभरात पापडासारखा सुटला. पैसे पाण्यात! मग तेलकट थर दोन इंच फोडला, मागांचे बोल्ट कापले, कॉस्टिक सोड्यानं घासून धुतलं (हातमोजे घालून), सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) मारून ती ओली असतानाच चार इंच काँक्रीट ओतलं. सोलापूरचा मे महिना. काँक्रीट ओलं ठेवायला टाकलेलं गोणपाट तासाभरात वाळायचं. शेवटी आळी बांधून दहा दिवस पाणी साठवलं.

उचललेली गाडी पेलणारा जॅकस्टँड आता तसूभर हलत नाही. पत्र्याची भोकं मिरगाआधी बघू.