कोलाजचा पुठ्ठा वाकत होता, त्यावर हा उपाय

आमच्या घरातली सकाळ मी कागदी कोलाजमध्ये मांडतेय: आजीचं लुगडं जुन्या लग्नपत्रिकेचं, बाबांची लुंगी कॅलेंडरच्या पानाची, दुधाच्या पातेल्यात डोकावणारी मांजर चक्क वीजबिलाची! चिकटवायला कणकेची खळ. पण वाळलं की पुठ्ठा पापडासारखा वाकायचा. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून आता मागच्या बाजूलाही त्याच खळीने तेवढाच जाड कागद डकवते. ओढ दोन्हीकडून सारखी बसते. दोन्ही कागदांचे तंतू मात्र एकाच दिशेने हवेत. घडीची रेघ ज्या दिशेने घातली की कागद सहज दुमडतो, ती तंतूंची दिशा. मग वर-खाली बटर पेपर आणि रात्रभर जाडजूड पुस्तकांचं वजन. मांजरीच्या मिशा सगळं कोरडं झाल्यावरच लावा, ओल्यावर त्या सरकतात.