लॅपटॉप तापतोय, रखडतोय, पंखा घोंघावतोय: आधी निदान, मग स्क्रूड्रायव्हर

पंखा ओरडतोय म्हणजे पंखाच बिघडला, असं धरून चालू नका. बहुतेक वेळा तो बिचारा आपलं काम चोख करत असतो. एक तर हवा बाहेर पडायची वाट बुजलेली असते, नाहीतर कुठला तरी प्रोग्रॅम प्रोसेसरला विनाकारण राबवत असतो. पहिल्या दुखण्याला लॅपटॉप उघडावा लागतो, दुसऱ्याला नाही. म्हणून उघडायची घाई नको.

तीन आकडे एकत्र वाचायचे: प्रोसेसरचा वापर किती टक्के, तापमान किती अंश, वेग किती गिगाहर्ट्झ. विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला की वापर आणि वेग दिसतो. प्रोसेसरच्या तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखं मोफत साधन लागतं. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स बसवून टर्मिनलमध्ये सेन्सर्स ही आज्ञा दिली की झालं. लॅपटॉप रीस्टार्ट करा, टणक टेबलावर ठेवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. गादीवर किंवा मांडीवर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक मॉडेल हवा खालून ओढतात आणि मऊ कापडाने ती जाळीच झाकली जाते.

दहा मिनिटांनी वापर पाच-दहा टक्क्यांच्या आत आणि तापमान साधारण ४० ते ५५ अंश असेल तर ठीक. वापरच ४०-५० टक्के दिसत असेल तर गुन्हेगार एखादा प्रोग्रॅम आहे. वापर नगण्य, तरीही तापमान ७०च्या पुढे, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही.

आता काम द्या: मोठा व्हिडिओ रूपांतरित करायला लावा किंवा एखादी स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी) पाच-सात मिनिटं चालवा. सुरुवातीला काही सेकंद ९० अंशांच्या वर उडी दिसली तर घाबरू नका, टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर थोडा वेळ जादा वेग घेतो तेव्हा, ते होतंच. पाच मिनिटांनंतरचे आकडे बघा. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या अनेकांची ९५ ते १०५. ती गाठली की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. साडेतीन गिगाहर्ट्झवर पळणारा प्रोसेसर एक-सव्वावर येतो, आणि ‘लॅपटॉप हळू झाला’ म्हणतात ते हेच.

याच वेळी हवा बाहेर पडते तिथे तळहात धरा. आकड्यांपेक्षा ही परीक्षा जास्त बोलकी असते. प्रोसेसर ९५ अंशांवर, पंखा जोरात, पण हाताला वारा जेमतेम लागतोय: हीटसिंकच्या (चिपची उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये धूळ अडकली आहे. वारा जोरदार पण कोमट: उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही, थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्या मधला लेप) वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. वारा जोरदार आणि चांगला गरम: यंत्रणा ठणठणीत आहे, कामच जास्त आहे.

दोन फसवे प्रकार आधीच बाजूला काढा. तापमान ५० अंश, पण वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला? चार्जर काढून बघा. वेग लगेच वर गेला तर लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाही किंवा तो कमी वॅटचा आहे. दुसरा प्रकार: तापमान, वेग सगळं ठीक, पण डिस्कचा वापर १०० टक्के किंवा मेमरी भरलेली. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं किंवा रॅम वाढवणं हा त्यावरचा इलाज. तिथे धूळ साफ करून काही होणार नाही.

प्रोग्रॅमचा दोष असेल तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावा. बरेच दिवस बंद असलेला लॅपटॉप अपडेट आणि फाइलींची नोंदणी करत बसतो. त्याला तास-दोन तास चालू राहू द्या, आपोआप शांत होतो. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. ब्राउझर दोषी असेल तर क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबून नेमका कुठला टॅब किंवा एक्स्टेन्शन खातंय ते शोधा. टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत, बंद केला की पुन्हा घरघर, असं वारंवार घडत असेल तर लपून आभासी चलनाची नाणी खोदणाऱ्या मालवेअरचा संशय घ्या आणि पूर्ण स्कॅन करा. मॅकवर कर्नल टास्क नावाची प्रक्रिया वर दिसली तर तिला दोष देऊ नका. ती तापलेल्या प्रोसेसरला इतरांपासून वाचवत असते.

तात्पुरता पण गुणकारी उपाय: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो, तापमान बरंच उतरतं, आणि रोजच्या कामात फरक फारसा जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो.

हे सगळं करूनही वारा क्षीणच असेल तर उघडायला हरकत नाही, वॉरंटीच्या अटी बघून. शिफ्ट दाबून शट डाउन करा म्हणजे पूर्ण बंद होईल, चार्जर काढा, अर्धा तास थंड होऊ द्या. बहुतेक स्क्रूंना पीएच-० हा छोटा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लागतो. दोन-एक स्क्रू रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली दडलेले असतात. झाकण एका कोपऱ्यात अडलं तर ओढू नका, तिथे स्क्रू राहिलाय. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि छोट्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो आतला बोर्ड किंवा वरचं कव्हर फोडतो.

प्लास्टिकच्या कार्डाने खाचा सोडवत झाकण उचला. आधी बॅटरी बघा. ती फुगलेली असेल, टचपॅड वर आला असेल, तर इथेच थांबा: दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, बदलून घ्या. बॅटरी सपाट असेल तर तिचा कनेक्टर प्लास्टिकला धरून काढा, तारा ओढू नका. मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून ठेवा.

पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसते म्हणून सगळे तीच पुसतात. खरी अडचण आत असते: पंख्याचं तोंड आणि हीटसिंकच्या बारीक पट्ट्या यांच्या मधल्या फटीत धुळीचा नमदा जमतो, करड्या लोकरीच्या तुकड्यासारखा, सलग. बाहेरून फुंकर मारली की तो पंख्याकडे सरकतो आणि दोन दिवसांत परत जागेवर येतो. म्हणून पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून पंखा बाजूला करा आणि नमदा चिमट्याने अख्खा उचला. मग दाबलेल्या हवेचा डबा उभा धरून छोटे फवारे मारा. पंख्यावर मारताना पाती बोटाने रोखून धरा. मोकळा पंखा हवेने अति वेगात फिरला तर बेअरिंग जातं, आणि जोडलेला असेल तर तो उलटी वीज बोर्डात सोडतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर स्थिर विजेमुळे धोक्याचा.

पाती हलकेच फिरवा. आवाज न करता एक-दोन फेरे घेत थांबली तर पंखा धडधाकट. डुगडुगत असतील, खरखर असेल, तर बेअरिंग संपलं. तेलाचा थेंब महिना-दोन महिने काढेल, पण पंखा बदलणंच शहाणपणाचं. नवा घेताना स्टिकरवरचा भाग क्रमांक, व्होल्टेज आणि कनेक्टरच्या तारा जुळवा. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टचा नीट फिरणार नाही. फक्त टिकटिक येत असेल तर एखादी तार पात्याला घासत असते.

पेस्ट बदलायची झाली तर हीटसिंकवरचे स्क्रू त्यांच्याजवळ छापलेल्या क्रमांकांच्या उलट क्रमाने, थोडे थोडे सैल करा. हीटसिंक चिपला चिकटला असेल तर उपटू नका, हलका पीळ द्या. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते, तिच्यावर धातूचं झाकण नसतं. त्यामुळे एक कोपरा जरी कोरडा राहिला तरी तो भाजतो. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन पूर्ण चिपवर पातळ थर पसरा. मऊ थर्मल पॅड जिथे आहेत तिथे पॅडच हवेत, आणि त्याच जाडीचे. अर्धा मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा घातलात तर हीटसिंक चिपवर टेकणारच नाही. आरशासारखी चकाकणारी पातळ धातू दिसली तर ती लिक्विड मेटल आहे. ती विजेची वाहक आहे, थेंब सांडला तर बोर्ड जातो. त्याला हात लावू नका.

जोडताना पंख्याचा कनेक्टर राहून जातो, ही नेहमीची चूक. झाकण पूर्ण लावायच्या आधी एकदा चालू करून पंखा फिरतोय का बघा. मग सुरुवातीची तीच चाचणी पुन्हा करा. आकडे पूर्वीपेक्षा वाईट आले तर हीटसिंक तिरका बसला आहे. उघडून पॅड तपासा. आणि सगळं नीट असूनही तापमान उतरत नसेल, तर काम चालू असताना चिपकडून पंख्याकडे उष्णता नेणाऱ्या तांब्याच्या नळीच्या दोन टोकांना काळजीपूर्वक बोट लावा. चिपकडचं टोक चटका देतंय आणि पंख्याकडचं थंड, असं असेल तर नळीतला द्रव उडून गेला आहे. तिची दुरुस्ती होत नाही, हीटसिंकच नवा बसवावा लागतो.