दूरच्या शहरात बिऱ्हाड हलवताना: नियोजन आणि खर्चाचा हिशेब

शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात बिऱ्हाड हलवायचे ठरले, की बहुतेक जण पहिला फोन वाहतूकदाराला लावतात आणि ‘किती घ्याल?’ असे विचारतात. त्या टप्प्यावर हा प्रश्न फार लवकरचा असतो. सामान किती आहे, ते कितव्या मजल्यावरून कितव्या मजल्यावर जायचे आहे आणि नव्या घराचा ताबा कोणत्या तारखेला मिळणार आहे, हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर समोरचा सांगतो तो आकडा हवेतला असतो आणि पुढे तो फुगला, तर वाद घालायला आपल्या हाती काहीच उरत नाही. म्हणून सुरुवात सामानाच्या यादीपासून करावी. काय न्यायचे ते ठरवताना, दरपत्रके मागवताना, विमा उतरवताना आणि नव्या घरी सामान मोजून घेताना हीच यादी कामाला येते.

यादी आणि घनफूट

यादी खोलीवार करावी आणि प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे तिची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून लिहावी. तिन्हींचा गुणाकार केला, की ती वस्तू गाडीत किती जागा घेईल ते कळते. ६ फूट उंच, ३ फूट रुंद आणि २ फूट खोल कपाट ३६ घनफूट जागा घेते. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १८ इंच असलेले खोके सुमारे ३.४ घनफूट भरते, म्हणजे अशी ४० खोकी १३५ घनफुटांची झाली. पलंग, टेबल यांसारखे फर्निचर सुटे होत असेल, तर सुटे केल्यावर लागेल तेवढीच जागा धरावी. खोक्यांची संख्या मात्र जवळजवळ प्रत्येक जण कमी धरतो, कारण माळा, बाल्कनी, पलंगाखालचे कप्पे आणि स्वयंपाकघरातील मागच्या फळ्या यांच्यात किती किडूकमिडूक साठले आहे, हे दार उघडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

सगळ्याची बेरीज झाली, की तीत १५ ते २० टक्क्यांची भर घालावी. वस्तूंचे आकार एकमेकांत चपखल बसत नाहीत आणि फटी राहतातच. आतून १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच असलेल्या गाडीत कागदावर ५०४ घनफूट जागा असते, पण त्यात मोजलेले सामान सव्वाचारशे घनफुटांपेक्षा फारसे जास्त बसेल अशी आशा धरू नये. वाहतूकदार घनमीटरमध्ये बोलत असेल, तर १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, एवढे ध्यानात ठेवावे.

काय न्यायचे आणि काय नाही

प्रत्येक मोठ्या वस्तूला तिचे स्वतःचे भाडे असते. एकूण भाड्याला एकूण घनफुटांनी भागले, की दर घनफुटाचा दर मिळतो, आणि त्या दराने वस्तूच्या घनफुटांना गुणले, की ती वस्तू नेण्याचा खर्च समोर येतो. वरच्या उदाहरणातील कपाट ५०४ घनफुटांच्या गाडीतील सुमारे ७ टक्के जागा अडवते. या ७ टक्के भाड्याची तुलना कपाटाच्या खरेदीच्या वेळच्या किमतीशी करून उपयोग नाही. ते इथे विकून आज हाती काय येईल आणि तसेच वापरलेले कपाट तिकडे केवढ्याला पडेल, या दोन रकमांमधील फरकाशी ती करावी. भाडे या फरकाहून जास्त असेल, तर कपाट नेणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. भुश्याच्या दाबलेल्या फळ्यांचे स्वस्त फर्निचर तर एकदा सुटे केले, की स्क्रूची भोके सैल होतात आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यासारखे घट्ट उभे राहत नाही. असे फर्निचर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. संपूर्ण गाडी केवळ आपल्यासाठी ठरवली असेल, तर एक कपाट वगळून भाडे कमी होत नाही; वगळलेल्या सामानामुळे लहान गाडी पुरणार असेल, तरच बचत होते. याउलट, आपले सामान इतरांच्या सामानासोबत एकाच गाडीतून जाणार असेल आणि आकारणी जागेप्रमाणे असेल, तर प्रत्येक घनफुटाला पैसे पडतात. तेव्हा गाडी कोणत्या प्रकारची घ्यायची, हा निर्णय सामानाच्या छाटणीबरोबरच करावा लागतो. सामायिक गाडी स्वस्त पडते, परंतु तिच्या पोहोचण्याच्या तारखेची खात्री कमी असते आणि वाटेत सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवले जाण्याची शक्यता असते. मोडतोड चढ-उतारातच जास्त होते, हे त्या बचतीसमोर मांडून पाहावे.

थोडेच सामान असेल, तर ते कुरिअरने पाठवण्याचा मोह होतो. तिथे वजनाबरोबर आकारमानही मोजले जाते. अनेक कंपन्या खोक्याचे घनसेंटीमीटर ५००० ने भागून येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतात. १८ इंचांच्या खोक्यात नुसत्या उशा भरल्या, तरी आकारणी १९ किलोंची होते. पुस्तकांसारख्या जड वस्तूंना ही पद्धत परवडते, अंथरूण-पांघरुणाला नाही.

दरपत्रके मागवताना

एकच यादी किमान तीन वाहतूकदारांना द्यावी आणि प्रत्येकाने घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान पाहिल्याशिवाय त्याचा दर ग्राह्य धरू नये. दोन्हीकडचे मजले, लिफ्टचे मोजमाप, गाडी उभी राहण्याची जागा दारापासून किती लांब आहे आणि रस्ता अरुंद असल्यास लहान गाडीतून दुसरी फेरी करावी लागेल का, हे आपणहून सांगावे. या गोष्टी आधी न सांगितल्यास त्यांचे पैसे ऐनवेळी मागितले जातात, आणि तेव्हा सामान गाडीत असते. दरपत्रकातील रक्कम अंतिम आहे की प्रत्यक्ष वजन वा जागा मोजल्यावर बदलणार आहे, फर्निचर सुटे करणे व पुन्हा जोडणे तीत धरले आहे का, टोल, कर आणि गाडी थांबवून ठेवल्यास लागणारा आकार कोण देणार आणि सामान कोणत्या तारखेपर्यंत पोहोचेल, हे सारे लेखी घ्यावे.

तिन्हींपैकी एक दर इतर दोघांच्या निम्म्यावर असेल, तर आनंदून जाण्याआधी त्यात काय वगळले आहे ते शोधावे. आगाऊ रक्कम शक्य तितकी कमी द्यावी, पावती घ्यावी आणि मोठा हप्ता सामान उतरण्याच्या वेळेसाठी राखावा. महिन्याचा शेवट, सुट्टीचे दिवस आणि शाळांच्या वार्षिक सुट्टीचा काळ यांत गाड्यांना मागणी जास्त असते. महिन्याच्या मधल्या आठवड्यातील कामाचा दिवस निवडता आला, तर दरात घासाघीस करायला वाव मिळतो.

एकूण खर्च एक, हातात लागणारी रक्कम दुसरी

अंदाजपत्रकात वाहतूक, बांधणीचे साहित्य आणि प्रवास या बाबी कोणीही लिहितो. राहून जातात त्या वेगळ्याच: नव्या घराची दलाली, वीज व इंटरनेटच्या जोडण्या, जुन्या घराची रंगरंगोटी किंवा साफसफाई, घर शोधायला आधी केलेली फेरी, सामान पोहोचेपर्यंतचा मुक्काम आणि बाहेरचे जेवण, तसेच नव्या खिडक्यांना न बसणारे पडदे. या सर्वांवर १० ते १५ टक्के राखीव रक्कम ठेवावी.

मात्र खरे घोडे अडते ते तारखांपाशी. समजा, घरभाडे दोन्हीकडे सारखे आहे आणि एका महिन्याचे भाडे म्हणजे १ एकक मानले. वाहतुकीला १.५, प्रवास व मुक्कामाला ०.५, किरकोळ बाबींना १ आणि नव्या घराच्या पहिल्या महिन्याला १ असा खर्च ४ एककांचा होतो. नव्या घराची अनामत रक्कम २ महिन्यांच्या भाड्याइतकी असेल आणि जुन्या घराकडूनही तेवढीच परत यायची असेल, तर कागदावर दोन्ही एकमेकींना फेडतात आणि अंदाजपत्रक ४ वर थांबते. प्रत्यक्षात नवी अनामत ताबा घेताना द्यावी लागते आणि जुनी मात्र घर रिकामे करून, तपासणी होऊन, कधी कधी पुढच्या महिन्यात परत येते. तोपर्यंत हातात ६ एकके असावी लागतात. नोकरी देणारी संस्था स्थलांतराचा खर्च पावत्या सादर केल्यावर भरून देणार असेल आणि नवा पगार महिनाअखेरीस होणार असेल, तरी हा ताण तसाच राहतो.

यासाठी वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये तारीख, येणारी रक्कम, जाणारी रक्कम आणि शिल्लक असे चार रकाने आखावेत आणि ताबा घेण्याच्या आधीच्या महिन्यापासून पुढे दोन महिने भरावेत. शिल्लक रकान्यात सर्वांत कमी दिसणारा आकडा कोणत्या तारखेला येतो, ते पाहावे. तो शून्याखाली जात असेल, तर शेवटच्या महिन्याचे भाडे अनामतीतून वळते करण्याविषयी घरमालकाशी बोलून लेखी संमती घेता येते, संस्थेकडे उचल मागता येते किंवा तारीख पुढे ढकलता येते. कर्ज काढण्याचा विचार या तीन उपायांनंतर करावा.

दोन्ही घरांचे भाडे एकाच वेळी भरावे लागू नये म्हणून काही जण जुने घर सोडण्याची आणि नवे घेण्याची तारीख एकच ठेवतात. गाडी दोन दिवस उशिरा निघाली किंवा नव्या घराचे काम लांबले, तर हा बेत कोसळतो आणि गोदामाचे भाडे, जास्तीची चढ-उतार व हॉटेलचा मुक्काम यांत वाचवलेल्याहून जास्त पैसे जातात. शक्य असेल, तर आठवडाभराचे दुहेरी भाडे मुद्दाम अंदाजपत्रकात धरावे.

विमा

वाहतूकदाराची जबाबदारी आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जबाबदारी अनेकदा वजनावर किंवा ठरावीक रकमेपुरती मर्यादित असते, त्यामुळे हलक्या पण महागड्या वस्तूच्या नुकसानीपोटी मिळणारी रक्कम नगण्य ठरू शकते. विमा घेताना भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळणार की घसारा वजा करून, आणि आपण स्वतः भरलेल्या खोक्यांमधील मोडतोड त्यात धरली आहे का, हे विचारावे. हप्ता वाचवण्यासाठी सामानाची किंमत कमी दाखवणे महागात पडते. सामान १०० रुपयांचे असताना ६० रुपयांचाच विमा उतरवला आणि २० रुपयांचे नुकसान झाले, तर अनेक पॉलिसींमध्ये भरपाईही त्याच प्रमाणात, म्हणजे १२ रुपये मिळते.

बांधाबांध आणि उतरवून घेणे

पुस्तकांसाठी लहान खोकी घ्यावीत आणि एकेकाचे वजन २० किलोंच्या आत ठेवावे. १८ इंचांचे खोके पुस्तकांनी भरले, तर ते ५० किलोंच्या पुढे जाते आणि तळ फाटतो. ताटे आडवी रचण्याऐवजी उभी लावावीत. फ्रिज किमान २४ तास आधी बंद करून कोरडा करावा, उभाच न्यावा आणि पोहोचल्यावर काही तास तसाच राहू देऊन मग चालू करावा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशिनचा ड्रम जखडणारे, खरेदीच्या वेळी काढलेले बोल्ट शोधून पुन्हा लावावेत. ज्वलनशील वस्तू, भरलेले गॅस सिलिंडर, रंग आणि फवाऱ्याचे डबे गाडीत देऊ नयेत. दागिने, मूळ कागदपत्रे, औषधे, लॅपटॉप आणि पॉवर बँक स्वतःबरोबर ठेवाव्यात. विमानाने जाणार असाल, तर पॉवर बँक केबिनच्या सामानातच न्यावी लागते.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि खोलीचे नाव दोन बाजूंना लिहावे, आतील ऐवज मात्र फक्त यादीत नोंदवावा. जुन्या घरातून निघताना वीज व पाण्याच्या मीटरचे आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो तारखेसह काढावेत, कारण अनामतीतून होणाऱ्या कपातीवर वाद झाला, तर तेच पुढे करता येतात.

नव्या घरी एकाने दारात यादी घेऊन उभे राहावे आणि क्रमांकावर खूण झाल्याशिवाय खोके आत जाऊ देऊ नये. चेपलेले, भिजलेले किंवा फाटलेले खोके तिथेच उघडावे, फोटो काढावा आणि नुकसानीची नोंद पोहोच-पावतीवर करूनच सही करावी. कामगारांना घाई असते, पण नोंदीविना केलेली सही म्हणजे सामान सुस्थितीत मिळाल्याची कबुली ठरते. विम्याचा दावा दाखल करण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती बऱ्याचदा थोड्याच दिवसांची असते, म्हणून काचसामान, टीव्ही आणि विजेवर चालणारी उपकरणे यांची खोकी सर्वांत आधी उघडून तपासावीत. पावत्या, दरपत्रक आणि खुणा केलेली यादी ही मुदत संपेपर्यंत आणि जुनी अनामत खात्यात जमा होईपर्यंत एकाच पाकिटात जपून ठेवावी.